अमेरिकन यादवींतील शिपायांचीं पत्रें

आपला इतिहास पत्रांवर उभा आहे, ही गोष्ट महाराष्ट्रांतील वाचकांस निराळी सांगावयास नको. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून बखरींवरचा भरंवसा ढळून तो अस्सल पत्रांवर बसूं लागला. परंतु हीं हजारों पत्रें चाळतांना एक उणीव मनाला लागून राहते. त्यांत पेशवे बोलतात, सरदार बोलतात, वकील आणि कारकून तर अखंड बोलतात. पण ज्याच्या पायांनीं लष्कर चाललें त्या साध्या शिपायानें आपल्या आईस काय लिहिलें, हें शोधूनहि हातीं लागणें कठीण. पानिपतावर माणूस किती पडलें याचा वाद आपण घालूं शकतों; त्यांपैकीं एखाद्याच्या घरीं ती बातमी कशी कळली, तें मात्र सांगूं शकत नाहीं.

अशा मनःस्थितींत अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या साधनांकडे वळलें म्हणजे थोडासा हेवा वाटल्यावांचून राहत नाहीं. १८६१ च्या एप्रिलांत सुरू होऊन चार वर्षें चाललेल्या त्या युद्धांत दोन्ही पक्षांचे साधे शिपाई सतत लिहीत होते. जेम्स मॅक्फर्सन या इतिहासकारानें १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथासाठीं १०७६ शिपायांचीं सुमारें २५ हजार पत्रें आणि २४९ रोजनिशा अभ्यासिल्या. आणि हा केवळ एका विद्वानाच्या वाचनाचा हिशेब झाला. त्याच्या कितीतरी आधीं, १९४३ मध्यें, बेल वायली यानें दक्षिणेच्या साध्या शिपायाचें व १९५२ मध्यें उत्तरेच्या शिपायाचें जीवन मुख्यतः अशाच पत्रांतून उभें केलें होतें. या पत्रांसंबंधानें तीन प्रश्न सहज उद्भवतात. तीं इतकीं लिहिलीं कां गेलीं? त्यांवर विश्वास किती ठेवावा? आणि तीं आपणांपर्यंत पोहोंचलीं कशीं? पहिल्या दोन प्रश्नांची चर्चा पुष्कळ झालेली आहे; तिसरा मात्र वाटतो तितका निरुपद्रवी नाहीं.

प्रथम ‘कंपनी’ म्हणजे काय तें पाहूं. १२ एप्रिल १८६१ रोजीं दक्षिणेच्या तोफांनीं सम्टर किल्ल्यावर मारा केला, आणि तीन दिवसांनीं अध्यक्ष लिंकन यांनीं ७५ हजार स्वयंसेवक मागितले. गांवोगांवचे तरुण नांवें नोंदवूं लागले. सुमारें शंभर माणसांची एक कंपनी, आणि अशा दहा कंपन्यांची पायदळाची एक पलटण, अशी रचना असे. कंपनीवर एक कॅप्टन व दोन लेफ्टनंट असत, आणि आरंभीं त्यांची निवड बहुधा शिपाईच मतें देऊन करीत. एक कंपनी म्हणजे बहुतकरून एकच गांव किंवा एकच परगणा. शाळेंत शेजारीं बसलेले, एका देवळांत प्रार्थनेस जाणारे, एकमेकांच्या बहिणींशीं लग्नें ठरलेले असे हे शंभर जण एका ओळींत उभे राहत. त्यामुळें तेथून घरीं गेलेलें पत्र एका घराचें राहत नसे. तें शेजाऱ्यांत वाचलें जाई, दुकानांत वाचलें जाई, कधीं गांवच्या वर्तमानपत्रांत छापलेंहि जाई. रणांतून पळालेल्याची अपकीर्ति त्याच्या आधीं घरीं पोहोंचे, आणि खोटी बढाई मारणाऱ्यास शेजारच्या घरांतील पत्र खोटें पाडी. इतिहासकाराला यापरतें दुसरें काय पाहिजे? एकाच रात्रीच्या एकाच पहाऱ्याविषयीं चार निरनिराळे साक्षीदार त्यास आयते मिळतात.

या रचनेची दुसरी बाजू मात्र भयंकर होती. मिसिसिपी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं मिळून एक कंपनी उभारली होती. ११ व्या मिसिसिपी पलटणीची ती ‘ए’ कंपनी. ‘युनिव्हर्सिटी ग्रेज’ या नांवानें ती प्रसिद्ध आहे. ३ जुलै १८६३ रोजीं गेटिसबर्ग येथें या कंपनीचे जे लोक चाल करून गेले, त्यांपैकीं एकहि धडपणें परत आला नाहीं. सारे मेले, जखमी झाले किंवा कैद झाले. शंभर घरें एका ओळींत उभीं केलीं म्हणजे एका तोफेच्या माऱ्यानें सारा गांव सुतकांत पडतो, हें त्या दिवशीं दिसून आलें.

आतां हीं पत्रें लिहिलीं कां गेलीं, याचें एक कारण शिक्षण. उत्तरेच्या गौरवर्णीय शिपायांपैकीं शेंकडा ९० हून अधिक, आणि दक्षिणेच्या शेंकडा ८० हून अधिक, लिहूंवाचूं शकत. ज्यांस येत नसे ते तंबूंतील सोबत्याकडून लिहवून घेत. वॉशिंग्टनच्या इस्पितळांत कवि वॉल्ट व्हिटमन हा जखमी शिपायांच्या उशाशीं बसून त्यांच्यासाठीं पत्रें लिहीत असे. दुसरें कारण टपाल. उत्तरेच्या सरकारनें जुलै १८६१ मध्यें असा कायदा केला कीं शिपायानें पाकिटावर ‘शिपायाचें पत्र’ असा शेरा मारून तें तिकिटाशिवाय टाकावें, आणि तीन सेंटांचें हंशील घरच्या माणसानें द्यावें. साध्या शिपायाला महिना १३ डॉलर पगार, आणि तोहि कित्येकदां महिनेच्या महिने तुंबलेला. अशा स्थितींत ही सवलत लहान नव्हती. दक्षिणेंत पत्राला आरंभीं ५०० मैलांच्या आंत पांच सेंट व त्यापुढें दहा सेंट पडत. जुलै १८६२ पासून सरसकट दहा सेंट झाले. पुढें पुढें तेथें कागदाचाहि दुष्काळ पडला. भिंतीला लावावयाचा नक्षीदार कागद, हिशेबाच्या वह्यांचीं पानें, आलेलेंच पाकीट उलटें करून पुन्हां चिकटविलेलें, अशा रूपांत तेथील पत्रें आज पाहावयास मिळतात. कोठें एकदां आडवें लिहून झाल्यावर पान फिरवून त्याच ओळींवरून उभें लिहिलेलें दिसतें.

घरच्या बाजूलाहि या टपालानें पालट घडविला. तोंपर्यंत शहरांतील माणसास पत्रासाठीं टपालकचेरींतच जावें लागे. क्लीव्हलंड येथें हिंवाळ्यांत शिपायांच्या बायका आणि आया रांगेंत ताटकळत उभ्या राहत. त्यांचें दुःख पाहून तेथील अधिकारी जोसेफ ब्रिग्ज याला घरपोंच टपालाची कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. १ जुलै १८६३ पासून ४९ शहरांत घरपोंच पत्रें वाटण्यास सुरुवात झाली, ही गोष्ट मात्र नक्की. आणि तिसऱ्याच दिवशीं गेटिसबर्गची ती दुपार उगवली. दारीं येणारा टपालवाला ही त्या देशास नवी सोय झाली खरी. पण त्याच्या पावलांची चाहूल लागतांच छातींत धस्स होणें, हेंहि त्याच सोयीबरोबर दारीं आलें.

पत्रांत काय असे? युद्धाच्या वर्णनाच्या अपेक्षेनें तीं उघडणाराची निराशाच व्हावयाची. त्यांत असतो पाऊस, चिखल, कॉफी, दगडासारखीं कठीण बिस्किटें, ताप, हगवण, तुंबलेला पगार, आणि घरच्या शेताविषयींच्या सूचना. कोणतें जनावर विकावें, कोणाचें देणें आधीं द्यावें, धाकट्याला शाळेंतून काढूं नये. ज्या युद्धांत मेलेल्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश लोक रोगानें मेले, त्या युद्धाचीं पत्रें रोगानें भरलेलीं असावींत यांत नवल नाहीं. तथापि या क्षुल्लक वाटणाऱ्या मजकुरांतच कधीं इतिहासाला अन्यथा न मिळणारी वस्तु सांपडते. न्यूयॉर्क संस्थानांतील सारा रोझेटा वेकमन नांवाची एक शेतकऱ्याची मुलगी १८६२ सालीं पुरुषवेष करून, ‘लायन्स वेकमन’ या नांवानें, १५३ व्या न्यूयॉर्क पलटणींत भरती झाली. तिनें घरीं पैसे पाठविले, पत्रें पाठविलीं, आणि जून १८६४ मध्यें न्यू ऑर्लिन्सच्या इस्पितळांत ती हगवणीनें मेली. तिच्या थडग्यावर पुरुषाचेंच नांव आहे. घरच्यांनीं तीं पत्रें जपून ठेविलीं आणि १९९४ सालीं तीं प्रसिद्ध झालीं म्हणून हा सारा वृत्तांत जगाला कळला.

विश्वासाचा प्रश्न याहून नाजूक आहे. या पत्रांवर पुढील काळांतल्यासारखी सरकारी तपासणीची नियमित पद्धत नव्हती; म्हणून शिपाई आपल्या सेनापतींस मोकळेपणीं शिव्या देतात, पराभव कबूल करतात, पळून जावेंसें वाटतें हेंहि लिहितात. पण सरकारी तपासनीस नसला तरी मायेचा तपासनीस लेखणीवर बसलेला असतोच. आईला लिहितांना झांकलेली गोष्ट भावाला लिहितांना उघडी पडते. म्हणून पत्रांत काय आहे इतकेंच पाहून भागत नाहीं. तें कोणाला लिहिलें आहे हेंहि पाहावें लागतें. असें असूनहि आठवणींच्या पुस्तकाहून पत्राचें मोल अधिक कां, याचें उत्तर सोपें आहे. पहिल्या टेनेसी पलटणीच्या ‘एच’ कंपनींतील सॅम वॉटकिन्स यानें युद्धानंतर सुमारें वीस वर्षांनीं आपल्या कंपनीच्या आठवणी लिहिल्या. त्या अत्यंत वाचनीय आहेत. १८६१ सालीं निघालेल्या १२० जणांपैकीं शेवटीं सातच उरले होते, असें तो सांगतो. परंतु वॉटकिन्सला शेवट ठाऊक होता. पत्र लिहिणाराला तो ठाऊक नसतो. पुढच्या वर्षीं पेरणीला येईन असें लिहिणारा माणूस पुढच्या आठवड्यांत मरणार आहे, हें आपणांस माहीत असतें, त्याला नसतें. आणि म्हणूनच त्याच्या वाक्यांत कोणताहि आव नसतो.

मरणाच्या पत्रांविषयीं थोडें वेगळें बोललें पाहिजे. शिपाई पडला असतां त्याच्या घरीं निश्चितपणें कळविणारी कोणतीहि सरकारी व्यवस्था त्या काळीं नव्हती. ओळख पटविणारे बिल्ले सरकारांतून मिळत नसत. वर्तमानपत्रांतील याद्या चुकांनीं भरलेल्या असत. तेव्हां हें काम कंपनीवर पडे. कॅप्टन किंवा तंबूंतील सोबती मृताच्या आईस लिही कीं तो धैर्यानें लढला, शांतपणें गेला, शेवटीं त्यानें देवाचें नांव घेतलें आणि तुमची आठवण काढली. अशीं पत्रें एकामागून एक वाचलीं म्हणजे तीं एकाच साच्यांतून काढलेलीं वाटतात, आणि संशय येतो. ड्रू गिल्पिन फॉस्ट या विदुषीनें २००८ सालच्या आपल्या ग्रंथांत या साच्याचा उलगडा केला आहे. आप्तेष्टांच्या देखत, घरच्या बिछान्यावर, शुद्धीवर असतांना येणारें मरण तेंच चांगलें मरण, अशी त्या समाजाची दृढ समजूत होती. युद्धानें तें मरण हिरावून घेतलें, म्हणून सोबत्याचें पत्र त्या बिछान्याची जागा भरून काढी. परदेशीं मेलेल्याचें प्रेत मिळालें नाहीं तर आपल्याकडे पळसाच्या पानांची आकृति करून तिला अग्नि देतात. हीं सांत्वनपत्रें म्हणजे त्या लोकांचा पालाशविधिच होय. विधींतील आकृतीला कोणी खोटी म्हणत नाहीं. तसेंच या पत्रांसहि म्हणतां येणार नाहीं, मात्र तीं पुरावा म्हणून वापरतांना तो विधि आहे हें विसरूं नये.

क्वचित् मरणाराच हें पत्र लिही. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्यांच्या कंपनींतील जेरेमाया गेज हा चाल सुरू होण्यापूर्वींच तोफेच्या गोळ्यानें फुटला. थोडाच वेळ उरला आहे असें कळल्यावर त्यानें आईस चार ओळी लिहिल्या आणि तो कागद आपल्या रक्तानें माखला. तें पत्र मिसिसिपी विद्यापीठांत जतन करून ठेविलेलें आहे. त्याच रणभूमीवर १५४ व्या न्यूयॉर्क पलटणीचा सार्जंट एमस ह्युमिस्टन मेलेला सांपडला. त्याच्या हातांत तीन मुलांची एक तसबीर होती, दुसरें कांहीं नाहीं. तसबिरीचें वर्णन वर्तमानपत्रांत छापून आलें, तें नोव्हेंबरांत पोर्टव्हिल गांवीं एका बाईच्या वाचनांत आलें, आणि आपण विधवा झालों हें तिला तेव्हां समजलें. ती तसबीर तिनेंच नवऱ्याला पाठविली होती. घरून छावणीकडे गेलेलें टपाल आज फारच थोडें उरलें आहे, कारण शिपायाच्या पडशींत तें टिकणार कसें? म्हणून हा संवाद आपण एका कानानेंच ऐकतों. दक्षिणेंत शेवटच्या दोन वर्षांत बायकांच्या पत्रांतली उपासमार वाचून शिपाई फौज सोडून घरीं गेले. त्यांचें घरीं येणें नोंदलें गेलें, त्यांस परत आणणारीं तीं पत्रें बहुतेक नाहींशीं झालीं.

येथून आपण तिसऱ्या प्रश्नाकडे येतों. पत्रें उरलीं कशीं? कुटुंबांनीं माळ्यावरच्या पेटाऱ्यांत जपलीं, हें उत्तर खरें पण अपुरें आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत निवृत्तिवेतनाच्या अर्जांच्या पुडक्यांत अशा पत्रांचा मोठा संग्रह आहे. १४ जुलै १८६२ च्या कायद्यानें साध्या शिपायाच्या विधवेस, आणि ती नसल्यास त्याजवर अवलंबून असलेल्या आईस, महिना आठ डॉलर मिळूं लागले. पण मुलगा खरोखर पोशीत होता, हें आईनें सिद्ध करावयाचें. त्यास पुरावा काय? ‘सोबत दहा डॉलर पाठवितों’ असें ज्यांत आहे तें मुलाचें पत्र. तेव्हां गरीब आईनें उशाखालचें तें पत्र काढून अर्जाला जोडावें, आणि तें दप्तरांत शिरलें तें कायमचें. श्रीमंताच्या घरचीं पत्रें घरांत राहिलीं, कारण त्यांस तीं कोणापुढें मांडावीं लागलीं नाहींत; गरिबाचीं उरलीं, कारण पोटासाठीं तीं द्यावीं लागलीं. आजचा अभ्यासक ज्या कागदाबद्दल कृतज्ञ असतो, तो कागद दिल्यावर त्या म्हातारीजवळ मुलाच्या हातचें काय उरलें असेल, हा विचार मनांत आणल्यावांचून तीं पुडकीं सोडूं नयेत.

याहूनहि विलक्षण रीतीनें उरलेलीं पत्रें कृष्णवर्णीय शिपायांचीं आहेत. उत्तरेच्या फौजेंत असे सुमारें १ लक्ष ८० हजार लोक लढले, आणि त्यांपैकीं बहुतेक गुलामगिरींतून आलेले होते. त्यांस महिना १० डॉलर देऊन त्यांतून कपड्यांचे तीन कापीत. ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीनें असा पगार घेण्याचें साफ नाकारिलें. त्या पलटणीच्या ‘सी’ कंपनींतील जेम्स हेन्री गुडिंग यानें सप्टेंबर १८६३ मध्यें थेट लिंकन यांस पत्र लिहून, आम्ही शिपाई आहों कीं मजूर, असा प्रश्न केला. समान वेतनाचा कायदा जून १८६४ मध्यें झाला. गुडिंग तेव्हां अँडरसनव्हिलच्या बंदिखान्यांत होता. पुढच्याच महिन्यांत तो तेथें वारला.

स्पॉट्सवुड राइस हा मिसूरी संस्थानांतील गुलाम १८६४ सालीं भरती झाला. त्याच्या दोन मुली ग्लासगो गांवीं गुलामींतच राहिल्या होत्या. ३ सप्टेंबर १८६४ रोजीं सेंट लुईच्या लष्करी इस्पितळांतून त्यानें दोन पत्रें लिहिलीं. एक मुलींना: धीर धरा, जीव गेला तरी तुम्हांस सोडवीन. दुसरें मुलीच्या मालकिणीला: पोर माझी आहे, ती देवानें मला दिली आहे, आणि मी सैन्य घेऊन येत आहें. दोन्ही पत्रें मालकिणीच्या भावाच्या हातीं पडलीं. तो त्या गांवचा टपालमास्तर असून दुसऱ्या मुलीचा मालक होता! त्यानें संतापून तीं दोन्ही पत्रें जनरल रोझक्रॅन्स यांजकडे धाडलीं, आणि असल्या उद्धट शिपायास संस्थानाबाहेर घालवावें अशी मागणी केली. त्या तक्रारीमुळेंच तीं सरकारी दप्तरांत राहिलीं. बापाची वाणी जिवंत राहिली ती शत्रूच्या रागामुळें. युद्धानंतर राइसचें कुटुंब एकत्र आलें, आणि त्याची मुलगी मेरी हिनें १९३७ सालीं वृद्धपणीं आपल्या बापाच्या आठवणी सांगितल्या.

या युद्धाचा आपल्या प्रांताशीं संबंध नव्हता असें नाहीं. दक्षिणेचा कापूस बंद पडल्यानें मुंबईंत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंदांसारखे सट्टेवाले राजे झाले, आणि एप्रिल १८६५ मध्यें जनरल ली शरण गेल्याची वार्ता आल्यावर त्याच वर्षीं तो सारा डोलारा कोसळला. मुंबईच्या पेढ्यांना तें युद्ध भावाच्या आंकड्यांत कळलें. त्याचा अर्थ निराळ्या रीतीनें ओळखणारा पुरुष पुण्यास होता. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक, गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केलें. राइसचें पत्र त्यांनीं पाहिलेलें असणें शक्य नाहीं. परंतु त्या पत्राचा जो विषय, माणूस माणसाच्या मालकीचा असूं शकतो काय, तोच त्यांचाहि विषय होता.

त्या युद्धांत मेलेल्यांची संख्या पूर्वीं ६ लक्ष २० हजार धरीत. खानेसुमारीवरून केलेले अलीकडील अंदाज तिला सात लक्षांच्या आसपास किंवा त्याहूनहि वर नेतात. एवढ्या मोठ्या आंकड्यापुढें बुद्धि थिजते. पत्र हातीं घेतलें म्हणजे तोच आंकडा एकेक माणूस होऊन समोर उभा राहतो.

आपल्या मुलखांतूनहि १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत हजारों शिपाई परदेशीं गेले. फ्रान्समधील हिंदी शिपायांचीं पत्रें लष्करी तपासनीस उघडून वाचीत, आणि त्यांनीं इंग्रजींत भाषांतरिलेले उतारे विलायतेच्या दप्तरांत राहिले. मूळ पत्रें कोठें गेलीं तें ज्याच्या त्याच्या घरास ठाऊक. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या बाजूच्या कोणा वाचकाच्या घरीं आजोबा-पणजोबांच्या पेटींत एखादें मोडीचें जीर्ण कार्ड असेल, तर तें निरुपयोगी म्हणून टाकूं नये. त्यांत लढाई नसेल. बैलाची, देण्याची, धाकट्याच्या शाळेची चौकशी असेल. इतिहासाला नेमकें तेंच हवें आहे.